हातात दिवा घेतलेली ती बाई रविवर्म्याची नाही: सावळाराम हळदणकरांविषयी

दिवेलागण (धागाकर्ता)

यंदाही दिवाळीच्या पहाटे आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ते चित्र आलंच. जांभळट साडीतली बाई, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, उजेडात न्हालेला चेहरा, मागे काळोख. खाली ओळ: ‘राजा रविवर्मा यांची अजरामर कलाकृती’. दर वर्षी मी निमूटपणे ‘शुभ दीपावली’ टंकून मोकळा होतो. या वेळी राहवलं नाही. लिहिलं, ‘काका, हे हळदणकरांचं आहे.’ काकांचं उत्तर आलं, ‘कोण हळदणकर?’

धागा काढायला एवढं कारण पुरे.

आधी साधा हिशेब. रविवर्मा वारले १९०६ साली. हे चित्र १९४५-४६ मधलं. मधे चाळीस वर्षं आणि दोन महायुद्धं आहेत. शिवाय रविवर्म्याचं नाव झालं ते तैलरंगांत, आणि हे चित्र आहे जलरंगात, कागदावर. तरी गोंधळ का होतो? एक कारण अगदी भौगोलिक आहे. चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात, जयचामराजेंद्र कलादालनात आहे, आणि त्याच दालनात रविवर्म्याची चित्रंही आहेत. माणसं ती बघत बघत पुढे येतात आणि अंधाऱ्या जागी लावलेल्या या चित्रासमोर थबकतात. बाहेर पडताना डोक्यात नाव एक आणि चित्र हे, अशी मोट बांधली जाते.

दुसरं कारण जास्त खोल आहे. रविवर्मा हे आपल्याकडे आता एका माणसाचं नाव उरलेलं नाही. वनस्पती तूप म्हणजे डालडा, तसं खरीखुरी वाटणारी, साडीतली, देखणी बाई म्हणजे रविवर्मा. त्याला त्याचा छापखाना कारणीभूत आहे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या देवघरात जाऊन बसल्या. आजीच्या भिंतीवर जे होतं ते सगळं रविवर्माच, असं आपण धरून चालतो. या धरून चालण्यात मुंबईच्या चित्रकारांची एक अख्खी पिढी गडप झाली.

आता माणूस. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, जन्म १८८२, सावंतवाडी. शाळेतच हात दिसला, शिक्षकांनी उचलून धरलं, संस्थानाचा आधार मिळाला, आणि १९०३ मध्ये स्वारी मुंबईला, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. तेव्हा तिथे सेसिल बर्न्स प्रिन्सिपॉल होते आणि शिकवणाऱ्यांत धुरंधर होते. (धुरंधर म्हणजे महादेव विश्वनाथ धुरंधर. त्यांच्यावर वेगळा धागा हवा. कुणीतरी काढा, माझ्यात दम नाही.) १९०८ मध्ये हळदणकरांनी दादरला स्वतःची चित्रशाळा काढली, ‘हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट’. सव्विसाव्या वर्षी! १९१८ मध्ये ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’ उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. मुंबईत ‘बॉम्बे आर्ट सोसायटी’ १८८८ पासून होती, पण तिचा तोंडवळा साहेबी. आपल्या लोकांची आपली अशी संस्था हवी, हा त्यामागचा विचार. गंमत म्हणजे १९२५ मध्ये त्याच बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक हळदणकरांना मिळालं, एका मुस्लिम यात्रेकरूच्या चित्राला. १९६२ मध्ये ललित कला अकादमीची फेलोशिप आणि १९६८ मध्ये अखेर. पंच्याऐंशी वर्षांचं आयुष्य या परिच्छेदात बसवलंय, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

आणि ते चित्र. त्याचं नाव ‘ग्लो ऑफ होप’. त्यातली बाई कुणी राणी किंवा अप्सरा नाही, हळदणकरांची मुलगी गीता आहे. दिवाळीत नवी साडी नेसून हातात दिवा घेतलेली लेक बापाला दिसली आणि त्याच्यातला चित्रकार जागा झाला. हलायचं नाही, असं बजावून तीन तास उभं केलं होतं, ही आठवण पुढे गीताबाईंनीच सांगितली. जलरंगात असं काम चूक न करता पुरं करून दाखवतो, अशी मुंबईतल्या पारशी चित्रकारांना दाखवून देण्याची जिद्द त्यामागे होती म्हणतात.

मला विचारायचंय ते हे. ज्या चित्रकाराचं एक चित्र जवळजवळ प्रत्येक घरात पोचलंय, त्याचंच नाव कुणाला माहीत नाही, हे होतं कसं? आणि चित्रकलेत खरोखर मुरलेल्यांना विनंती: यात नेमकं अवघड काय आहे ते मला समजेल अशा भाषेत सांगा. मला नुसतं ‘आहाहा’ म्हणता येतं.

---

खारा वारा

आमच्या वाडीचो माणूस! आणि ह्यां माका म्हायत नव्हतां, लाज वाटता.

(प्रमाण मराठीत.) सावंतवाडीला आम्ही नुसतं ‘वाडी’ म्हणतो. गंजिफा, लाखकाम, लाकडी खेळणी दाखवायला पाहुण्यांना घेऊन जातो. चितार आळीतून शंभर वेळा गेलोय. पण वाडीतून जेजेला गेलेला चित्रकार म्हणून हे नाव कधी कुणी कानावर घातलं नाही. शाळेत तर नाहीच.

---

वाचनमात्र

एरवी फक्त वाचतो, आज विचारतो. ‘अकादमिक वास्तववाद’ हा शब्द लेखांत सारखा येतो. म्हणजे हुबेहूब काढणं एवढंच का?

---

ओला कुंचला

@वाचनमात्र, हुबेहूब हा त्याचा परिणाम. मूळ गोष्ट शिकवण्याची पद्धत. जेजे १८५७ मध्ये सुरू झालं आणि विलायतेतल्या कलाशाळांचा अभ्यासक्रम इथे आला. आधी रेषा, भूमिती. मग प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून छायाप्रकाश: पांढऱ्या पुतळ्यावर उजेड एका बाजूने पडला की कुठे उजळ, कुठे मधला टोन, कुठे गडद, कुठे परावर्तित उजेड. रंग हातात येण्याआधी विद्यार्थी या करड्या जगात महिनोन्‌महिने काढायचा. नंतर समोर जिवंत मॉडेल. डोळ्याला जे दिसतं आणि मनाला जे माहीत असतं, त्यात डोळ्याचं ऐकायचं, हा सगळ्याचा गाभा. मनाला माहीत असतं की डोळा बदामी आकाराचा. समोरच्या माणसाच्या डोळ्यावर सावली पडली असेल तर तिथे बदाम नाही, एक तपकिरी पॅच आहे. तो पॅच काढायला शिकणं म्हणजे अकादमिक शिक्षण.

आता धागाकर्त्याचा प्रश्न. मी काही वर्षं जलरंग शिकवलेत, त्या जोरावर लिहितो.

तैलरंगात आधी गडद, मग त्यावर उजळ. चुकलं तर खरवडा, वाळू द्या, वरून परत लावा. पारदर्शक जलरंगात उलटं असतं. पांढरा रंग वापरायचाच नाही, पांढरं म्हणजे कागद. उजळाकडून गडदाकडे जायचं आणि परतीचं तिकीट नाही. म्हणजे या चित्रात जी जागा सर्वांत तेजस्वी आहे, ती ज्योत, तिथे चित्रकाराने सर्वांत कमी काम केलंय. ती राखलीय. पहिला हात मारायच्या आधी डोक्यात पक्कं असावं लागतं की शेवटी एवढा एवढा कागद उघडा राहणार.

पण खरी मेख काळोखात आहे. जलरंग हा स्वभावाने दिवसाचा माणूस. आकाश, पाणी, धुकं, सकाळचं ऊन यात तो रमतो. रात्रीचं चित्र म्हणजे बहुतेक कागद गडद करायचा. एका हातात एवढा गडद वॉश (पाण्यात कालवलेल्या रंगाचा सलग थर) सारखा पसरत नाही, डाग पडतात, कडा धरतात. दोन-तीन थर दिले तर वरचा थर खालच्याला ढवळतो आणि रंग मळतो. मळला की गेला, चिखल होतो. काळोख मळू न देता खोल ठेवणं हे मला या चित्रातलं सर्वांत अवघड काम वाटतं, आणि बघणाऱ्याचं तिकडे लक्षही जात नाही. तेच त्याचं यश.

तिसरं, बोटं. दिव्याला आडोसा धरलेल्या हाताकडे नीट बघा. बोटांच्या कडा लालसर झाल्यात. उजेड बोटांवर पडलेला नाही, बोटांतून आलाय. रक्त निळा-हिरवा प्रकाश शोषून घेतं आणि लाल जाऊ देतं, त्यामुळे पातळ मांसातून दिवा लाल दिसतो. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये जॉर्ज द ला तूर नावाचा चित्रकार होऊन गेला. त्याच्या एका चित्रात बाल येशू मेणबत्तीपुढे हात धरतो आणि बोटं अशीच पेटल्यासारखी दिसतात. पण तो तैलरंग! हळदणकरांनी हाच खेळ पाण्यात केला.

साडीच्या रंगाकडेही एकदा बघा. पिवळ्या-नारिंगी उजेडाशेजारी जांभळा. हे दोन रंग एकमेकांना पेटवतात. साडी हिरवी असती तर दिवा अर्धा मंद वाटला असता.

आणि सगळ्यात शेवटी, खालून येणारा उजेड. तो फार वाईट. गावच्या नाटकात फूटलाइट लावले की नायिकासुद्धा भुतासारखी दिसते, कारण नाकाची आणि हनुवटीची खालची बाजू उजळते. हळदणकरांनी दिवा चेहऱ्याच्या थेट खाली न ठेवता थोडा पुढे घेतलाय. चेहरा भेसूर न होता शांत राहिला तो त्यामुळे.

फार लिहिलं. थांबतो.

---

ओटीवरची

ओला कुंचला, ‘राखलीय’ हा शब्द फार आवडला.

एक बारीकशी शंका: दिवा म्हणायचं, निरांजन म्हणायचं की समई? आमच्याकडे सर्रास ‘समईवाली बाई’ म्हणतात.

---

दिवेलागण

समई नक्की नाही, ती पाटावर किंवा जमिनीवर ठेवायची वस्तू. हातात धरून चालायचा तो दिवा. पण ‘समईवाली बाई’ रूढ झालं असेल तर झालं. रविवर्मा रूढ झालंय तिथे समई काय!

---

पण का

सगळे एवढे भारावलेत तर विरोधी सूर लावतो.

तारीख परत वाचा: १९४५-४६. दोन-तीन वर्षांपूर्वी बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसं मेली होती. चित्तप्रसाद पायी फिरून हाडाच्या सापळ्यांची रेखाटनं करत होता, झैनुल आबेदिन काळ्या शाईत रस्त्यावर मरणारी माणसं काढत होता. चित्तप्रसादचं पुस्तक सरकारने जप्त करून जाळलं. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौदलाच्या खलाशांनी बंड केलं, रस्त्यावर गोळीबार झाला. याच मुंबईत एक ज्येष्ठ चित्रकार आपल्या लेकीला छान साडीत दिव्यासकट उभी करतो आणि तिच्या बोटांतला लाल रंग पकडत बसतो. कौशल्य अफाट, कबूल. पण त्या काळाबद्दल चित्र काय म्हणतं? काही नाही. पुढल्याच वर्षी, १९४७ मध्ये, सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे ‘प्रोग्रेसिव्ह ग्रुप’ म्हणून एकत्र आले आणि या गोडगोड वास्तववादाला रामराम ठोकला. त्यांची नावं उरली, हळदणकरांचं उरलं नाही. यात अन्याय आहे की नुसता इतिहास?

आणि हो, कॅलेंडरवर शोभणारं चित्र आणि कॅलेंडर यांत फरक करता आला पाहिजे. मला इथे करता येत नाही.

---

कागदी होडी

‘पण का’ यांचा मुद्दा नेहमीचा असला तरी चांगला मांडलाय. फक्त एक फाटा फोडते. प्रोग्रेसिव्ह ग्रुप आकाशातून पडला नव्हता. रझा जेजेतच शिकले, आणि त्यांची चाळिशीच्या दशकातली मुंबईची चित्रं बघा: रस्ते, घरं, पाऊस, आणि माध्यम जलरंग. ज्यासाठी ते ओळखले जातात तो बिंदू फार पुढचा. ल. ना. तासकर, परांदेकर, हळदणकर या मंडळींनी उघड्यावर बसून जलरंगात लँडस्केप करायची जी सवय या शहराला लावली, त्याच हवेत ती पोरं वाढली. नंतर भांडली, बरोबरच केलं. भांडायला समोर घर लागतं.

---

दिवेलागण

@पण का, चित्र गोड आहे, मान्य. ते काळाबद्दल बोलत नाही हेही मान्य. त्याच्या नावात ‘होप’ आहे म्हणून १९४६ ची पहाट वगैरे त्याला चिकटवायचा मोह मलाही झाला होता, पण तो खोटेपणा होईल. बापाला दिवाळीत लेक सुंदर दिसली, इतकंच त्यात आहे.

पण मग हाच न्याय सगळ्यांना लावा. बंगालच्या पुनरुज्जीवनवाद्यांनी (जुन्या भारतीय शैलींकडे परत चला म्हणणाऱ्यांनी) रविवर्म्याला आणि एकूण मुंबईलाच साहेबाची नक्कल म्हणून मोडीत काढलं होतं. मग प्रोग्रेसिव्हांनी बंगालला आणि मुंबईच्या जुन्यांना एकाच गाठोड्यात बांधून बाहेर टाकलं. प्रत्येक पिढीने आपापलं काम केलं. माझी तक्रार एवढीच की गाठोड्यात काय होतं ते उघडून कुणी बघितलं नाही. ज्यांनी नावं ठेवायची त्यांनी हळदणकर न बघता ठेवली, ज्यांनी कौतुक करायचं त्यांनी रविवर्मा म्हणून केलं.

---

जुनी पाटी

मी सत्तरी ओलांडलीय, त्यामुळे लांबण लागली तर ओरडू नका.

तुम्ही सगळे एका चित्रावर अडकलात. मला वाटतं हळदणकरांचं मोठं काम ती चित्रशाळा. चित्रकाराने चित्रं काढावीत, विकावीत, पदकं घ्यावीत, हे झालंच. पण १९०८ मध्ये मध्यमवर्गी दादरात बोर्ड लावून बसायचं आणि येईल त्या पोराला सरळ रेघ मारायला शिकवायचं, ही वेगळी जात आहे. जेजे बोरीबंदरला. तिथे जायला प्रवेश लागायचा, ऐपत लागायची. अशा खासगी वर्गांनी चित्रकला घराजवळ आणली.

आमच्या लहानपणीचे ड्रॉइंगचे क्लास त्याच झाडाचे फाटे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी परीक्षा ब्रिटिश काळापासून चालत आल्या. वस्तुचित्र, निसर्गचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, भूमिती. वस्तुचित्राला ठरलेलं त्रिकूट: पितळी तांब्या, वांगं आणि घडी घातलेला रुमाल. आमचे मास्तर (दादरचे नव्हेत, दुसऱ्याच गावचे) खिडकी एकच उघडी ठेवायचे. ‘उजेड एकाच बाजूने आला पाहिजे, दोन बाजूंनी आला तर तांब्या खोटं बोलतो.’ हे मी आज ओला कुंचला यांचा प्रतिसाद वाचताना साठ वर्षांनी समजलो. वांग्यावरचा तो पांढरा ठिपका आम्ही पांढऱ्या रंगाने मारायचो आणि मास्तर हातावर फूटपट्टी मारायचे. ‘सोडायचा! मारायचा नाही, सोडायचा!’ कागद सोडायचा, असं त्यांना म्हणायचं होतं. त्यांनी ‘का’ ते सांगितलं असतं तर चार फूटपट्ट्या वाचल्या असत्या.

मला बी ग्रेड मिळाली. वांगं चांगलं आलं होतं.

---

वाचनमात्र

‘तांब्या खोटं बोलतो’ हे जबरदस्त.

---

ओटीवरची

मला गीताबाईंविषयी लिहायचंय. सगळे बोटांच्या रंगावर बोलतायत, बोटं कुणाची होती त्यावर कुणी नाही.

त्या वेळी त्या २९ वर्षांच्या. लग्नानंतर गीता उपळेकर. म्हातारपणी कोल्हापुरात होत्या आणि २०१८ मध्ये गेल्या, वयाच्या १०२ व्या वर्षी. म्हणजे बघा, आत्ता-आत्तापर्यंत ‘हे चित्र कुणी काढलं हो?’ असं विचारायला चित्रातली बाई हयात होती. धडधाकट साक्षीदार कोल्हापुरात आणि आपण गटागटांत रविवर्मा, रविवर्मा करत होतो.

दुसरं. त्या काळच्या मुंबईच्या चित्रकारांची घरं बघा. धुरंधरांच्या कितीतरी चित्रांत त्यांच्या पत्नी गंगूबाई आहेत. त्रिंदादना १९२० मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं ते ‘फ्लोरा’ या चित्राला, ती त्यांची पत्नी. हळदणकरांच्या चित्रात मुलगी. हे नुसतं प्रेम नव्हे, अडचणही आहे. घरंदाज म्हणवणारी बाई परक्या चित्रकारापुढे तासन्‌तास बसायला कुठून येणार? मग बायको नाहीतर लेक. स्वयंपाक, मुलंबाळं, आणि वर ‘हलू नकोस’. आपण ज्याला भारतीय स्त्रीचं सौंदर्य वगैरे म्हणतो ते पुष्कळदा चित्रकाराच्या माजघरातल्या दोन-चार बायकांचं आहे.

धुरंधरांची अंबिका आणि त्रिंदादची अँजेला या दोघी मुली स्वतः चित्रकार झाल्या, हेही नोंदवून ठेवते. बापाच्या ब्रशसमोर उभं राहण्यापेक्षा त्याच्या मागे उभं राहणं त्यांना जमलं.

तीन तास, म्हणे. हातात पेटता दिवा घेऊन.

---

पण का

@ओटीवरची, हा प्रतिसाद वाचून पहिल्यांदा मला या चित्रात काळ दिसला. माझा शब्द अंशतः मागे घेतो. कॅलेंडरबद्दलचा नाही.

---

कागदी होडी

थोडं अवांतर. विस्मरणाचीच स्पर्धा लावायची असेल तर कोल्हापूरच्या आबालाल रहिमानना पहिला नंबर. जेजेत शिकून मुंबईत नाव करायचं सोडून ते कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांनी दरबारात ठेवून घेतलं. कळंब्याचा तलाव, रंकाळा, कोटीतीर्थ असं रंगवत बसायचे. काम प्रचंड, हाती उरलंय थोडं. त्या मानाने हळदणकर नशीबवान, त्यांचं चित्र निदान लोकांच्या फोनमध्ये आहे. चुकीच्या नावाने का होईना.

आणि ओटीवरच्या बाई, ‘ब्रशच्या मागे’ याला अनुमोदन. अंबिका धुरंधरांवर धागा मी काढते. वेळ लागेल.

---

जुनी पाटी

काढाच. धुरंधरांचं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र मिळालं तर आधी वाचा. १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून जेजेत शिरलेला माणूस १९३१ मध्ये तिथूनच निवृत्त झाला. त्यात जुनं जेजे डोळ्यांपुढे उभं राहतं.

---

ओला कुंचला

@पण का, कॅलेंडरचा मुद्दा टाळू नये म्हणून लिहितो. छापील प्रतीत हे चित्र खरंच कॅलेंडर होतं, कारण छपाईत काळोख मरतो. ऑफसेटमध्ये गडद जांभळा आणि काळा एक होऊन जातात, बोटांचा लाल भडक होतो आणि चेहऱ्यावर मेकअप केल्यासारखा पिवळा चढतो. फोनवर तर कुणीतरी ब्राइटनेस वाढवून पाठवलेलं असतं. आपण सगळे त्या प्रतीवर भांडतोय. तैलरंगाची प्रत थोडी तरी धकते, पारदर्शक जलरंगाची फार वाईट. कारण त्यात उजेड रंगाच्या थरातून आत जातो, कागदावर आपटतो आणि परत बाहेर येतो. छापील शाईत तो प्रवासच नाही.

म्हणून मूळ बघितल्याशिवाय गोड म्हणू नका. बघून मग खुशाल म्हणा.

---

दिवेलागण

ताजी बातमी. काकांना या धाग्याचा दुवा पाठवला होता. त्यांनी वाचला असावा, कारण आज सकाळी गटावर तेच चित्र पुन्हा आलं. खाली: ‘राजा रविवर्मा हळदणकर यांची अजरामर कलाकृती’.

मी अंगठा दाखवला. टप्प्याटप्प्याने जाऊ.

---

खारा वारा

काल रात्री वाडीत लाइट गेली. घरात सगळे वैतागले, मला हा धागा आठवला. पितळी दिवा लावला आणि भाचीला म्हटलं, हातात धर, दुसऱ्या हाताचा आडोसा कर, तीन तास उभी राहा. ती चौदा वर्षांची आहे, ड्रॉइंगची इंटरमिजिएट या वर्षी. पहिली दोन मिनिटं हसण्यात गेली. मग शांत झाली आणि खरंच, बोटांच्या कडा लाल झाल्या! मधला भाग नाही, फक्त कडा, आणि दोन बोटांच्या मधली फट सगळ्यात जास्त. चेहरा भुतासारखा दिसत होता, मग दिवा वीतभर पुढे घ्यायला लावला. लगेच फरक. ओला कुंचला, तुमचं म्हणणं वीतभरातच कळलं.

अकराव्या मिनिटाला हात भरून आला, तेल हिंदकळून मनगटावर सांडलं आणि दिवा खाली. भाजलं नाही, पण मॉडेलने राजीनामा दिला. आता ती म्हणते तूच उभा राहा, मी काढते. एक विचारायचं होतं: ती बोटांच्या कडेला कुठला लाल लावू विचारतेय. पेटीत क्रिमसन लेक आणि व्हर्मिलियन दोन्ही आहेत.

---

ओला कुंचला

आधी दोन्ही नको. पूर्ण बोटाला फिकट पिवळ्याचा एक हात, तो पूर्ण वाळू दे. मग कडेला व्हर्मिलियन, भरपूर पाण्यात, आणि अजून ओलं असताना आतल्या अंगाला टोकभर क्रिमसन सोड. पसरेल, पसरू दे. ब्रश परत लावायचा नाही. आणि मामाला सांग, दिव्यात तेल अर्धंच घाल.